आत्या पुरुषांच्या रांगेत गाते

तावेउनी बेट,
सोमवार, ९ मार्च १९९८

आतोबांना अपाकुकीचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. नोव्हेंबरात एकदा बसलो होतो. कागद होता, पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा मी खोबऱ्याच्या बोटीवर होतो आणि बोट अशी डुलत होती की 'आतो' कागदावर पडला आणि 'बा' माझ्या मनगटावर. मग कागद भिजला. ही सगळी कारणं खरी आहेत, पण त्यातलं एकही खरं कारण नाही. तुम्हाला काय लिहायचं आणि काय नाही, हेच ठरत नव्हतं. अजूनही ठरलेलं नाही. तरी बसलोय. बुधवारी सुवाची बोट आहे, तिच्यावर हे पत्र चढवायचंच.

तुम्ही कसे आहात? कंदावूला वादळ चाटून गेलं असं रेडिओवर ऐकलं. तुमच्या छपराचा समुद्राकडचा पत्रा टिकला का? मी तुमच्याकडे राहिलो होतो तेव्हाच तो खडखडायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "खडखडतोय म्हणजे अजून जागेवर आहे." सालोतेआजी अजून पहाटे अंगण झाडता झाडता अख्ख्या गावाला उठवतात का? त्यांना माझा नमस्कार सांगा. किंवा नका सांगू. सुनेच्या माहेरचा पोरगा म्हणून त्यांना माझाही राग असेल.

माझं म्हणाल तर मध्ये लंबासाला रामसामींच्या बसवर कंडक्टर होतो. काम झकास होतं. पण एकदा एका बाईची कोंबडी बसमधून उडाली, मी तिच्यामागे उतरलो, कोंबडी सापडली आणि तोवर बस निघून गेली. लाजेनं परत गेलोच नाही. कोंबडी मात्र त्या बाईच्या घरी नेऊन दिली. तिनं खूश होऊन मला जेवायला ठेवून घेतलं. जेवायला तीच कोंबडी होती. तुम्ही म्हणायचात ना, "या पोराच्या बुडाखाली खेकडा आहे, बसू देत नाही"? खेकडा अजून आहे. मग खोबऱ्याच्या बोटीवर होतो, घरी येऊनजाऊन. पण डिसेंबरपासून मी सलग गावातच आहे, बाबांकडे, कारण पायाला जखम करून घेतली. ते पुढे सांगतो.

आत्या बरी आहे.

गावात चर्चच्या नव्या पत्र्याला निळा रंग द्यायचा की पांढरा, यावर दोन रविवार भांडण चाललं. चुकलो, दोन शनिवार. बाहेर राहून मी विसरतो की आमचं चर्च शनिवारी असतं. बाबा म्हणतात, "हा देवालासुद्धा चुकीच्या दिवशी भेटायला जाईल." शेवटी अर्धा पत्रा निळा आणि अर्धा पांढरा झाला आहे आणि आता दोन्ही बाजू नाराज आहेत. बाकी गाव तसंच. डुक्कर नाही, सिगारेट नाही, आणि यांगोनाची ती गुंगी आणणारी मुळी तर वेशीच्या आत येत नाही. लग्न असो की मयत, कुणी ती कुटत नाही, पाण्यात कालवत नाही, करवंटीनं पीत नाही. लिंबाच्या पानांचा चहा पितात आणि गप्पा मारतात. गप्पा मात्र यांगोनाच्याच, म्हणजे शेजारच्या गावात कोण किती पितो याच्या.

हे मुद्दाम लिहिलं. पुढं लागणार आहे.

वर 'आत्या बरी आहे' असं लिहिलं ते खरं आहे. पण 'आता बरी आहे' असं लिहायला हवं होतं. ऑक्टोबरमध्ये ती बोटीतून उतरली तेव्हा मी नेमका धक्क्यावर पोती वाहत होतो. पहिल्यांदा ओळखलंच नाही, कारण डोक्याला फडकं होतं. तोरिकाआत्या आणि डोक्याला फडकं! तुमच्या लग्नात तिचे ते गोल उभारलेले केस बघून तुम्ही म्हणाला होतात म्हणे, "मी बायको नाही, नीरफणसाचं झाड घेऊन चाललोय, जन्मभर सावलीत बसेन." ते सगळं झाड त्या दिवशी एका फडक्यात मावलं होतं. नडगीवर सुकलेल्या चिखलासारखे पापुद्रे, हातांवर पांढरे खवले, डोळे सुजलेले, आणि चाल अशी की कंबरभर पाण्यातून चालतेय. धक्क्यावरच्यांनी पोती खाली ठेवली. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "कानीकानी."

आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं: यांगोना अती झाली की अंगावर कानीकानीचे खवले उठतात, माणूस जड होतो, दिवसा पेंगतो. तुम्ही तर तिची शेती करणारे, तुम्हाला मी काय सांगू. म्हणून तुम्ही जे म्हणालात ते का म्हणालात, हे मला कळतं. मला कळतं; आत्याला नाही कळत.

मी तेव्हा तुमच्याकडे नव्हतो. तुमच्या गावच्या पोरांनी बोटीवर सांगितलं. यांगोनाची बैठक भरलेली, आत्या उकडलेल्या कंदांचं ताट घेऊन आली, आणि तुम्ही म्हणालात, "तोरिकासाठीही एक करवंटी भरा रे. लपून पिण्यापेक्षा उजेडात प्यालेली बरी." सगळे हसले. आतून सालोतेआजी म्हणाल्या, "तरीच घरात दिवसा घोरणं ऐकू येतं." परत सगळे हसले. आत्यानं ताट खाली ठेवलं आणि पुढच्या बोटीवर चढली.

इथं आल्यावर तिला कुणी काही विचारलं नाही. विचारणार कोण? आई असती तर विचारलं असतं, ती जाऊन चार वर्षं झाली. बाबा पडले सख्खे भाऊ, आणि बहीणभावांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही हे आमच्याकडे तुमच्यापेक्षाही कडक. चटईच्या या टोकाला बाबा, त्या टोकाला आत्या, मध्ये मी.

"अपाकुकी, विचार, मासा आणखी हवा का."

"आत्या, मासा?"

"सांग त्यांना, पोट भरलं."

"बाबा, पोट भरलं."

"विचार, स्वेटर का घातलाय."

"आत्या, स्वेटर का?"

"सांग, गार हवा सुटलीय."

हवा कसली! कोंबड्या चोची उघडून सावलीत पडल्या होत्या. पण आत्यानं सांगितलं हवा, मी सांगितलं हवा, बाबांनी मान डोलावली. असं आमचं घर.

घर गप्प, पण गावानं उपचार सुरू केले. बायकांची एक फळी म्हणायची, कपड्यांच्या साबणानं अंग धुतलं असणार. दुसरी फळी म्हणायची, केसांना काळा रंग लावत असेल, त्यानंच झडले. मालीश करणाऱ्या म्हातारीनं सांगितलं, सासरच्या कुणाचं तरी मन तिच्यावर उलटलंय, आणि खोबरेलाची अख्खी बाटली तिच्या डोक्यात रिचवली. मी म्हटलं, मांजराच्या पिल्लाची बुरशी लागली असेल, मला लहानपणी लागली होती. मांजराला तीन वेळा आंघोळ घातली. मांजर घर सोडून गेलं. पास्टर येऊन प्रार्थना करून गेले. प्रार्थना फार लांबली, कारण डोळे मिटून ते आत्याच्या श्वासाचा वास घेत होते. वास आला तो खोबरेलाचा.

मनातून सगळ्यांनी एकच ठरवलं होतं. गावात यांगोना नाही, म्हणजे आपोआप सुटेल, आणि प्यायचं थांबलं की खवले झडून कातडी पहिल्यासारखी होते. कानीकानी तशीच जाते. पण नोव्हेंबर संपला आणि खवले तसेच. उशीवर केस उलट जास्त. तेव्हा गाव म्हणायला लागलं, "म्हणजे इथंही पितेय! आणते कुठून?" पोरं तिच्यावर पाळत ठेवायला लागली. आत्या अळूच्या वाफ्यात खुरपायला बसायची आणि बसल्या बसल्या झोपायची. पोरं धावत येऊन सांगायची, "पीत नाही, नुसती झोपतेय." त्यावर मोठी माणसं म्हणायची, "प्यायल्याशिवाय असं कोण झोपतं?"

मग तो गाण्याचा दिवस. लग्नाआधी आत्या आमच्या चर्चमध्ये सगळ्यांत वरचा सूर लावायची, असा की पत्र्यावरची पाखरं उडायची. त्या शनिवारी तिनं तोंड उघडलं आणि आला तो घोगरा, खालचा आवाज. गाणं बसवणारे म्हातारबुवा हात वर धरून थांबले. "तोरिका, तू त्या बाजूला जाऊन बस बघू." त्या बाजूला म्हणजे पुरुषांत. सगळं चर्च हसलं. आत्या उठली, स्वेटर सावरला, पुरुषांच्या रांगेत जाऊन बसली, आणि असा खर्ज लावला की शेजारचा जाडा सुतार गायचा थांबून तिच्याकडे बघत राहिला. तीसुद्धा हसत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "केस गेले, कातडी गेली, आता आवाजपण गेला रे." मग नाही हसली.

मलाही वाटत होतं की ती पिते. सगळ्यांसारखंच.

इथं थांबतो. पुढचं तुम्हाला लिहायचं नाही असं वचन दिलेलं आहे.

मंगळवार

कालचं वाचून बघितलं. वाटलं, अर्ध्यावर काट मारावी. पण काट मारलेलं तुम्ही कागद उजेडाला धरून वाचाल. तुमची सवय मला माहीत आहे. तेव्हा सरळच लिहितो. वचन मोडतोय तर निदान अक्षर तरी नीट काढतो.

माझा पाय. एका पैजेवर डोळे बांधून कोयत्यानं नारळ सोलत होतो. नारळ सोलला, पैज जिंकलो आणि अंगठ्याशेजारी चांगली चार बोटं जखम झाली. बाबा शेतावर होते. आत्यानं मला ट्रकमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत तीच दोनदा झोपली, आणि पाय माझा होता.

डॉक्टरीणबाई लंबासाची, माझ्याहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी, तोंडानं सारखी बोलणारी. टाके घालता घालता मध्येच थांबली. बघते तर कुठं, आत्याकडे.

"मावशी, तुमच्या भुवयांची बाहेरची टोकं कुठं गेली?"

"माझा पाय," मी म्हटलं.

"तू गप रे. मावशी, थंडी वाजते?"

"वाजते."

"एवढ्या उकाड्यात? आणि आवाज पहिल्यापासून असाच?"

"पुरुषांत बसवलंय मला."

"झोप?"

"आता तुमच्याशी बोलतेय तेसुद्धा झोपेतच."

"आणि पोट? रोज साफ होतं?"

आत्या माझ्याकडे वळली. "अपाकुकी, बाहेर जा."

"कसा जाऊ? सुई अजून पायात आहे!"

"मग कान बंद कर."

केले. तरी ऐकू आलं. ते मात्र तुम्हाला लिहिणार नाही, काही तरी वचन पाळतो.

मग डॉक्टरीणबाईनं विचारलं, "यांगोना घेता?"

आत्या म्हणाली, "सगळे सांगतात, घेते."

"सगळ्यांना नाही विचारलं. तुम्हाला विचारलं."

आत्यानं डोक्यावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "एक थेंब नाही. जन्मात नाही."

"बरं," असं म्हणून बाईनं ते लिहून घेतलं. बस, एवढंच. खोटं बोलताय का, असं नाही. आतोबा, मी तसाच आडवा पडून होतो, पायात सुई, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतके दिवस आत्याला सगळे सांगत होतो, विचारलं कुणीच नव्हतं.

रक्त काढून सुवाला पाठवलं. उत्तर यायला जानेवारी उजाडला. गळ्याशी थायरॉईड नावाची एक ग्रंथी असते, फुलपाखराच्या आकाराची, तिनं काम जवळजवळ सोडून दिलं होतं. ती थंडावली की माणूसच थंडावतो: कातडी सुकते, केस गळतात, आवाज बसतो, झोप सुटत नाही आणि भर उन्हात हुडहुडी भरते. मी विचारलं, मग हे कानीकानीसारखं का दिसत होतं? बाई म्हणाली, "कातडी आणि केस म्हणजे दारावरची कडी. ती वाजली म्हणजे आत काहीतरी झालंय एवढंच कळतं. कुणाच्या अंगात लोह कमी असतं, कुणाला बुरशी असते, कुणाला नवा साबण सोसत नाही, कुणाला मनाचा घोर लागलेला असतो, आणि कुणी खरंच यांगोना पितो. दार उघडून बघितल्याशिवाय सांगू नये." मला हे इतकं आवडलं की मी विचारलं, ग्रंथी फार जोरात धावते असाही रोग असतो का, म्हणजे मी कुठंच टिकत नाही त्याचं कारण सापडेल. ती म्हणाली, "असतो. पण तुझी नाडी बघितली मी, तुला तो नाही. तुला दुसरं काम शोधायची हौस आहे."

आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. सात आठवडे झाले. आधी स्वेटर गेला. मग नडगी मऊ झाली. एक दिवस पहाटे अंगणात धपाधप आवाज यायला लागला, बघतो तर आत्या घरातल्या सगळ्या चटया झटकतेय. बाबा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अपाकुकी, त्यांना सांग, जरा हळू." आणि मागं वळून डोळे पुसले. डोक्यावर आता पिल्लाच्या पिसांसारखी लव आलीय. मी हात लावून बघायला गेलो तर असली चपराक बसली की काय सांगू. सणसणीत चपराक होती. आजारी माणसाची नव्हतीच.

पास्टर परत आले, या वेळी लांब बसले आणि प्रार्थना आटोपशीर केली. आवाजही थोडा वर आलाय. गाणं बसवणारे म्हातारबुवा म्हणाले, "तोरिका, ये आता बायकांत." आत्या म्हणाली, "राहू दे, इथंच बरी आहे. इथं कुणी मला वरचा सूर मागत नाही." तेव्हा ती अजून पुरुषांच्या रांगेतच गाते. सुतारानं तिच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवायला सुरुवात केलीय. यात काही नाही, सुताराला सहा पोरं आहेत, पण तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

उत्तर आलं त्याच दिवशी मी म्हटलं होतं, आता आतोबांना पत्र टाकतो.

"टाक," आत्या म्हणाली, "पण यातलं काही लिहायचं नाही."

"म्हणजे? त्यांना कळायला नको?"

"काय कळायला?"

"की तू प्यायली नव्हतीस."

"ते मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. दोघंच होतो, दार लावलेलं होतं. त्याला पटलं नाही. आता दवाखान्याचा कागद बघून पटलं आणि घ्यायला आला, तर तो त्या कागदाला घ्यायला आला. मग म्हणावं, कागदच घेऊन जा."

"मग तुला हवं तरी काय?"

"पिणारी बायको न्यायला येतो का, ते बघायचंय."

आतोबा, मला शाळेत फार काही शिकता आलं नाही, पण हे वाक्य मला कळलं. वचन दिलं. दोन महिने पाळलंसुद्धा. म्हणून तर पत्राला उशीर झाला.

मग आज का मोडतोय? कारण बाबांनी खांब तोडून आणलेत. चांगले जाड, सरळ खांब, घरामागं रचून ठेवलेत. नीरफणसाच्या झाडाखालची जागा साफ केलीय. महिनाअखेरच्या सोमवारी खांब उभे करायचे, आत्याचं स्वतःचं घर. मला म्हणाले, "त्यांना विचार, दार कुठल्या बाजूला हवं." आत्या म्हणाली, "सांग, कुठल्याही." आपली आत्या, कुठल्याही म्हणाली! तुमच्या घरात पाण्याचा हंडा कुठं ठेवायचा यावर जिनं तुमच्याशी आठवडाभर वाद घातला होता ती. खांब उभे राहिले, गावानं छप्पर घातलं, जेवण झालं की संपलं. मग कुणी काहीही घेऊन आलं तरी ती निघणार नाही. तिला यायचं असलं तरी.

आणि यायचं आहे. असं तिनं म्हटलेलं नाही. पण रेडिओवर हवामान लागतं ना, आधी लाऊ बेटं, मग सुवा, मग कंदावू. कंदावूचं लागलं की चटई झटकायचा आवाज थांबतो. संपलं की परत सुरू होतो.

रीत मी तुम्हाला शिकवावी असं नाही, वयानं लहान आहे. तरी लिहितो. बायको दुखावून माहेरी गेली तर नवऱ्याकडच्यांनी तंबुआ घेऊन यायचा, तो देवमाशाचा दात दोन्ही हातांत धरून खाली बसायचं, चुकलं म्हणायचं. माहेरचे दात घेतात आणि लेक देतात. पाच महिने बाबा प्रत्येक बोटीला कमरेला धुतलेला सुलू नेसून बसतात. धक्क्यावर जात नाहीत, घरातच बसतात, पण धुतलेला सुलू नेसून. बोट गेली की जुना नेसतात आणि शेतावर जातात.

तेव्हा या. आणि आलात की तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही असं दाखवा. ती पिते, असंच समजून या. तुम्हाला नाटक येत नाही हे ठाऊक आहे. पत्ते खेळतानाही तुमच्या तोंडावर सगळे पत्ते दिसतात. पण बोटीत दीड दिवस मिळेल, सराव करा.

बुधवार, दुपार

बोट खोबरं भरतेय, तेवढ्यात हे लिहितो. धक्क्यावरच्या पोत्यावर बसलोय. पत्र सकाळीच द्यायला आणलं होतं. द्यायला हात पुढं केला आणि बघतो तर फळीवरून कोण उतरतंय: सालोतेआजी!

तुमची आई, आतोबा. दोन माणसांनी दोन्हीकडून धरलेली, चेहरा कच्च्या केळीसारखा हिरवा, खांद्यावर गुंडाळलेली चटई आणि काखेत यांगोनाच्या मुळ्यांची ही एवढी जुडी. मला बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर "अरे, तूच ना तो आमच्याकडे भात करपवणारा? ही चटई धर. आडवी धर, आत वस्तू आहे."

"आजी, तुम्ही? आणि आतोबा?"

"त्याला वाटतंय मी सुवाला लेकीकडे गेलेय. पाणी दे आधी. समुद्र कुणी केला रे हा?"

घरी आणलं. बाबा उठून उभे राहिले. धुतलेला सुलू होताच. आजी उंबऱ्याजवळच खाली बसल्या, पार खाली, चटई उलगडली आणि आत तंबुआ. तुमच्या पेटीतला, पिवळा पडलेला मोठा. पेटी उघडून बघू नका, रिकामी आहे. बाबा गोंधळले, कारण दात द्यायला पुरुष लागतो. दाराबाहेर बघत राहिले. आजी म्हणाल्या, "पुरुष अजून तयार होतोय. पाच महिने तयार होतोय. म्हटलं, तोवर मी जाऊन येते."

तेवढ्यात आत्या झऱ्यावरून आली. हातात बादली. आजींनी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, खाली मान घालूनच बोलल्या. मी शब्दन् शब्द लिहितो.

"तोरिका, तू पितेस की नाही मला माहीत नाही. पीत असशील तर पी. माझे गुडघे दुखले की मीपण मागच्या दाराशी बसून घेते, मी कुणाला सांगते? ही जुडी आपल्याच शेतातली आहे. पण जे काय प्यायचं ते घरी येऊन पी. त्या दिवशी मी आतून बोलले, ते बोलायला नको होतं. घर फार गप्प झालंय. तो बोलत नाही. मी एकटीनं किती बोलायचं?"

आत्यानं बादली खाली ठेवली. मी तोंड उघडणार होतो, थायरॉईड माझ्या जिभेवर आला होता, पण तिनं असं बघितलं की गिळला. मग ती हसायला लागली. त्या खालच्या, घोगऱ्या आवाजात, पोटापासून. आजींनी दचकून वर बघितलं, "हे कोण हसलं?" म्हणाल्या, आणि मग त्याही हसायला लागल्या. आत्या त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि त्यांचे गुडघे चेपायला लागली. बाबा त्या जुडीकडे असे बघत होते जणू तिला पाय फुटून ती चर्चकडे चालत जाईल.

मग म्हणाले, "अपाकुकी, त्यांना विचार, दात उचलायचा का."

मी आत्याकडे वळलो. पण ती माझ्यासाठी थांबलीच नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा थेट भावाकडे बघून बोलली.

"उचलू नका, दादा. राहू दे चटईवर. आणि खांबही तसेच राहू देत. अजून एक माणूस यायचाय."

बाबांनी मान डोलावली. दात चटईवर आहे. आजी झोपल्यात. जुडी कुठं ठेवायची यावर मी निघालो तेव्हा पास्टर आणि बाबा बोलत होते.

आता या पत्राचं काय करू? मधली पानं काढून घेणार होतो, पण खलाशी हाका मारतोय, आणि कुठलं पान मधलं हेही आता सांगता येत नाही. तुमच्या आईला काही माहीत नव्हतं, तरी ती आली. तुम्हाला आता सगळं माहीत झालं. पण तुम्ही आई शोधायला म्हणून, किंवा आपण होऊन, आधीच निघाला असाल तर हे पत्र तुमच्या बंद दाराशी पडून राहील, आणि आत्याला हवं होतं ते तिला मिळेल.

तेव्हा हे पत्र तुमच्या हाती न पडो, अशी प्रार्थना करणारा, आणि तरीही ते खलाशाच्या हातात देणारा,

तुमचा
अपाकुकी